कापसाचा उजेड

माझी नात पल्लवी उजेडावर काम करते. म्हणजे नेमकं काय करते, ते तिनं मला तीनदा समजावून सांगितलं आहे आणि तिन्ही वेळा मी समजल्यासारखी मान डोलावली आहे. मागच्या आठवड्यात ती सुटीवर आली. अमरावतीच्या राजापेठेतल्या आमच्या घरात जेवणाच्या टेबलावरची ताटं बाजूला सारून तिनं संगणक उघडला आणि म्हणाली, आजी, हे बघ. पडद्यावर हिरवं-निळं काहीतरी पसरलं होतं. ते म्हणे कातडीच्या आतलं चित्र. सुई नाही, कापणं नाही, रंग लावणं नाही. नुसता एका जातीचा उजेड आत सोडायचा. तो आजारी जागेवरून बदलून परत येतो आणि यंत्र तो टिपून घेतं. रोग कुठं लपला आहे, औषध लागू पडतंय की नाही, सगळं म्हणे त्यात कळतं. मी चष्मा कपाळावर चढवला, उतरवला, पुन्हा चढवला आणि पाहत राहिले. खरं सांगते, ऊर भरून आला. पोरीनं काय काय शिकून ठेवलं आहे.

मग तिनं सहज विचारलं, "तू दवाखान्यात होतीस तेव्हा तुमचा उजेड कुठून यायचा ग?"

"कापसातून," मी म्हणाले.

तिला वाटलं म्हातारी चेष्टा करते आहे. म्हातारी चेष्टा करत नव्हती.

दिवाळी सरली की अजूनही आमच्या रस्त्यानं कापूस भरलेले ट्रक जातात आणि मागं बाभळींना, विजेच्या तारांना पांढरे पुंजके लटकून राहतात. ते दिसले की मला हटकून देवदाराच्या तेलाचा वास येतो. नाकात नाही, डोक्यातच कुठंतरी. त्या वासामागून स्पिरिटच्या दिव्याचा वास येतो, मग सरकीचा, मग गाड्याला जुंपलेल्या बैलांचा. साठ वर्षं होऊन गेली. कालचं काय जेवले ते आठवत नाही, पण त्रेसष्टचा तो हिवाळा माझ्याजवळ वासासकट शाबूत आहे.

मी तेव्हा बावीस वर्षांची. मॅट्रिक झाल्यावर काचपट्ट्या तपासायचं शिक्षण घेतलं आणि अकोल्याच्या एका धर्मादाय दवाखान्यात लागले. दवाखान्याचं नाव सांगत नाही, कारण पुढं जी चूक सांगणार आहे ती माझी आहे आणि नाव उगाच त्याचं खराब व्हायचं. राहायची सोय मावशीकडं होती. छप्पन साली आम्ही बौद्ध झालो तेव्हा वडिलांनी घरातले जुने देव हलवले आणि त्या कोनाड्यात माझी शाळेची पुस्तकं मांडली. म्हणाले, आता इथं हेच. त्या कोनाड्यातून मी थेट त्या खोलीत येऊन बसले असं मला नेहमी वाटतं.

खोली म्हणजे दहा बाय आठची. एक टेबल, एक कपाट, भिंतीत दोन खुंट्या, आणि उत्तरेकडं एकच खिडकी. टेबलावर आमची दुर्बीण. पुस्तकात तिला सूक्ष्मदर्शक म्हणत, पण अकोल्यात ती दुर्बीणच. तिला विजेचा दिवा नव्हता. खाली एक वाटोळा आरसा होता. तो फिरवून बाहेरचा उजेड पकडायचा आणि काचपट्टीखालून वर पाठवायचा. थेट ऊन चालत नाही, डोळे दिपतात. पांढऱ्या ढगाचा उजेड सगळ्यात उत्तम, असं पुस्तकात छापलेलं होतं. आता अकोल्यात मार्गशीर्षात पांढरा ढग कुठून आणणार? आभाळ कोरं करकरीत. आणि आमच्या खिडकीतून तेही धड दिसायचं नाही, कारण समोर कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या कारखान्याची पत्र्याची मोठी शेड होती आणि तिच्यावर कडुनिंब ओणवा झालेला.

पण कापसाचा हंगाम लागला की त्या शेडीपुढच्या अंगणात कापसाच्या गंजी लागत. गाड्यांमागून गाड्या रिकाम्या होत आणि बघता बघता पांढरा डोंगर उभा राही. हिवाळ्याचं दक्षिणेकडचं ऊन बरोबर त्याच्या आमच्याकडच्या अंगावर पडे आणि तिथून मऊ होऊन आमच्या आरशात येई. तसा उजेड मी पुन्हा पाहिला नाही. ना पिवळा, ना झगझगीत. दुर्बिणीत डोळा घातला की सगळं कसं धुतल्यासारखं दिसे. बाकीचे आठ महिने आम्ही मिळेल त्या उजेडावर भागवायचो. ते चार महिने आमची दिवाळी असे.

हा उजेड शोधून काढला दौलतरावांनी. दवाखान्यातली काचपट्ट्यांची तपासणी त्यांनीच सुरू केली होती. मी त्यांच्या हाताखाली शिकत होते. पन्नाशीचा माणूस, उंच, किंचित वाकलेला, अंगात खादीचा सदरा आणि खिशात मलमलीचा तुकडा. लढाईच्या काळात फौजेच्या दवाखान्यात होते, तिथं शिकले. बोलणं अगदी थोडं आणि तेही रोखठोक. टेबल त्यांनी आधी दाराशी होतं ते ओढून खिडकीशी आणलं होतं आणि कापसाची गंज कुठं लावायची हे जिनाच्या मुकादमाशी भांडून ठरवून घेतलं होतं. मुकादमाला आधी वाटलं माणूस खुळा आहे. एकदा त्यांनी त्याला बोलावून दुर्बिणीत डोळा घालायला लावलं. तेव्हापासून दर वर्षी पहिली गंज आमच्या खिडकीसमोर लागे, कुणाला सांगावं लागत नसे.

मी रुजू झाले त्या दिवशी माझा ॲप्रन कुठं टांगावा हे मला कळेना. तोवर मी पाहिलेल्या जागांमध्ये आमच्या वस्तूंना वेगळी जागा असे, म्हणून मी तो घडी करून पिशवीत ठेवायला लागले. दौलतरावांनी तो माझ्या हातातून घेतला, त्यांच्या कोटाशेजारच्या खुंटीवर लटकवला आणि रंगाची बाटली हलवायला लागले. एवढंच. त्याच्यावर ते तेव्हा बोलले नाहीत आणि नंतरही नाहीत. मला मात्र तो ॲप्रन त्या कोटाला टेकलेला अजून दिसतो.

त्यांनी मला पाहायला शिकवलं. आता डोळे सगळ्यांनाच असतात, पण पाहणं वेगळं. क्षयाच्या संशयितानं सकाळचा बेडका डबीत आणायचा. त्याचा पातळ थर काचपट्टीवर पसरायचा, वाळवायचा, वर लाल रंग ओतून खालून स्पिरिटच्या दिव्याची आच द्यायची. वाफ निघाली पाहिजे, उकळी फुटता कामा नये. मग तेजाबाच्या पाण्यानं धुवायचं. सगळ्यांचा लाल रंग निघून जातो, क्षयाचा जंतू तेवढा सोडत नाही. वरून निळा रंग द्यायचा. देवदाराच्या तेलाचा थेंब टाकून डोळा लावला की निळ्या आभाळात बारीक लाल काड्या. दौलतराव त्यांना पाव्हणे म्हणत. दर अर्ध्या तासानं विचारत, "पाव्हणे आले का?" आणि मी शंभर जागा नीट पाहून झाल्याशिवाय नाही म्हणाले, की माझ्या हातून पट्टी काढून घेत आणि पहिल्यापासून सुरू करायला लावत.

मला राग यायचा. खोटं कशाला सांगू, मनातल्या मनात त्यांना पुष्कळ शिव्या दिल्या आहेत. पण एक दिवस ब्याण्णवाव्या की त्र्याण्णवाव्या जागेवर मला एक लाल काडी दिसली, एकच, आणि पाठीतून शहारा गेला. त्या माणसाला औषध मिळालं. ब्याण्णववर कंटाळले असते तर तो तसाच घरी गेला असता. त्या दिवसापासून शिव्या बंद.

आता चुकीकडं येते.

काचपट्ट्या तेव्हा सोन्यासारख्या जपत. बाहेरून पार्सल येई, कधी वेळेवर, कधी नाही. ज्या पट्टीवर जंतू दिसले नाहीत ती साबणसोड्याच्या पाण्यात उकळायची, मलमलीनं पुसायची, पुन्हा वापरायची. ज्या पट्टीवर पाव्हणे दिसले ती मात्र वेगळ्या डब्यात टाकायची, फोडायची आणि पुरायची. दौलतरावांचा हा नियम दगडावरची रेघ होता. त्या हिवाळ्यात पार्सल आलंच नाही. दौलतराव मुलीच्या लग्नासाठी आठ दिवस मोर्शीला गेले आणि पट्ट्या संपत आल्या. मी डब्यात पाहिलं. चांगल्या चाळीस-पन्नास पट्ट्या फोडायच्या म्हणून पडल्या होत्या. आमच्या घरी फुटक्या पाटीचा तुकडासुद्धा कुणी टाकत नसे. धाकट्या भावानं त्याच्यावर बाराखडी गिरवली होती. माझा हात फोडायला उचलेना. मी त्या सगळ्या दोनदा उकळल्या, तेजाबात ठेवल्या, पुसपुसून लख्ख केल्या आणि चांगल्यांच्या पेटीत ठेवल्या. स्वतःवर अशी खूश होते की विचारू नका. दौलतराव आले की पाठ थोपटतील, असं मी धरून चालले होते.

त्याच आठवड्यात शांता आली. हिवरखेडची, शेतकऱ्याच्या घरची, विशी-एकविशीची. महिन्याभराचा खोकला. नवरा सोबत, आणि कडेवर पाच महिन्यांचा मुलगा. मुलगा इतका गुटगुटीत की दवाखान्यातल्या सगळ्या बायांनी त्याचे गाल ओढून घेतले. शांता लाजून हसली, हसताना खोकली आणि खोकताना मुलाचं तोंड तळहातानं झाकून घेतलं. तिची डबी मी घेतली, पट्टी केली, रंगवली आणि डोळा लावला. अठराव्या जागेवर लाल काड्या. तीन, मग चार, मग आणखी दोन.

मला आनंद झाला. हे लिहिताना आजही मान खाली जाते, पण झाला. दौलतराव नसताना, एकटीनं, पहिल्यांदा मी पाव्हणे पकडले होते. त्या लाल काड्या कुणाच्या अंगातल्या आहेत हा विचार नंतर आला, फार नंतर. मी झोकदार अक्षरात अहवाल लिहिला आणि डॉक्टरसाहेबांच्या टेबलावर ठेवला. डॉक्टरसाहेबांनी नवऱ्याला सांगितलं की बाईला क्षयाच्या आरोग्यधामात ठेवावं लागेल, खाट मिळायला दिवस लागतील, तोवर तिची भांडीकुंडी वेगळी करा आणि मूल तिच्यापासून दूर ठेवा, अंगावर पाजू नका. तेव्हाची रीतच तशी होती. शांतानं मुलगा नवऱ्याच्या हातात दिला आणि पदरानं आपलं तोंड बांधून घेतलं.

दौलतराव परतले ते संत्र्यांची पिशवी घेऊन. सगळ्यांना एकेक संत्रं दिलं, हात धुतले आणि सवयीप्रमाणे आपल्या गैरहजेरीत पाव्हणे दिसलेल्या पट्ट्या मागितल्या. शांताची पट्टी मी अगदी वर ठेवली होती. ते पाहायला लागले. मी संत्रं सोलत उभी होते. पुष्कळ वेळ गेला. त्यांनी पट्टी थोडी सरकवली, आरसा फिरवला, परत पाहिलं. मग मला बसायला सांगितलं.

"नीट पाह्य," ते म्हणाले. "बेडक्यातले पाव्हणे कुठंबी पसरून असतात. हे तर पंगतीले बसल्यावाणी बसले."

मी पाहिलं. खरंच, सगळ्या काड्या एका रेषेत होत्या. आणि ती रेषा म्हणजे काचेवरचा बारीक चरा होता. निळ्या पेशी स्पष्ट केल्या की काड्या पुसट होत, काड्या स्पष्ट केल्या की पेशी. म्हणजे काड्या वरच्या थरात नव्हत्याच, खाली चऱ्यात रुतलेल्या होत्या. शांताच्या आधी कुणाच्यातरी बेडक्यातून आल्या होत्या आणि माझ्या उकळण्याला, पुसण्याला दाद न देता तिथंच राहिल्या होत्या. माझ्या हातातल्या संत्र्याचा रस मनगटावरून खाली गळत होता, तेही मला कळलं नाही.

काच कोणत्या डब्यातली, एवढंच त्यांनी विचारलं. मी खरं सांगितलं. मला वाटलं आता ओरडतील, निदान नोकरी जाईल. ते उठले, चांगल्यांच्या पेटीतल्या झाडून सगळ्या पट्ट्या बादलीत ओतल्या आणि बत्त्यानं फोडल्या. मी हिशेबात धरलेली ती सगळी काच पाच मिनिटांत चुरा झाली. मग डॉक्टरसाहेबांकडं गेले. परत आले तेव्हा अधिकच वाकलेले. खाट मिळाल्याचं पत्र आलं होतं. पाच दिवसांनी शांताला न्यायचं होतं. डॉक्टरसाहेबांचं म्हणणं, खाट सोडली तर पुन्हा महिनोन् महिने मिळायची नाही. तेव्हा रोग आहे की नाही ते पक्कं सांगा, त्याआधी मी खाट सोडणार नाही.

"कागदावरचं कागदावर खोडता येते," दौलतराव मला म्हणाले. "पण तिच्या घरी जे बोलल्या गेलं, ते तोंडानंच खोडा लागते. तूच जा."

मी दुसऱ्या दिवशी एसटीनं हिवरखेडला गेले. वाटेत दोन्ही बाजूंना वेचणीला आलेला कापूस आणि समोर सातपुड्याची निळी कड. मी कापसाकडं पाहिलं नाही. पिशवीत तीन कोऱ्या डब्या होत्या. मनात सारखी वाक्यं जुळवत होते आणि एकही धड जुळत नव्हतं.

शांताच्या सासूनं, गोदाबाईंनी, मला ओसरीवर थांबवलं. कोणत्या गावची, कोणाची, विचारलं. मी सांगितलं, अमरावतीची, बौद्ध. त्या आत गेल्या, तांब्या घेऊन आल्या आणि मी ओंजळ धरायची वाट पाहत उभ्या राहिल्या. मी ओंजळ धरली. वरून धार पडली, मी प्याले. पिताना गोठ्याच्या भिंतीतल्या कोनाड्यात पालथा घातलेला जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, पेला दिसला, शेजारी एक ताटली. ती शांताची होती. ती स्वतः गोठ्याच्या दारात पोत्यावर बसली होती. तिच्या चोळीवर दुधाचे दोन ओले डाग होते. आतून मुलाचं रडणं येत होतं, पण ते गुटगुटीत मुलाचं रडणं नव्हतं. शेळीचं दूध त्याला मानवलं नव्हतं. चार-पाच दिवस हगवण लागली होती आणि आवाज पार बारीक झाला होता.

मी सांगितलं. जुळवलेली वाक्यं सगळी विसरले आणि सरळ म्हणाले की चूक माझी आहे, काच माझ्यामुळं खराब होती, लाल दिसलं ते हिचं नसावं. पण पक्कं सांगायला तीन सकाळचे बेडके पाहिजेत. नवऱ्यानं कपाळाला हात लावला. मला वाटतं गोदाबाईंना माझ्यावर राग काढावा की विश्वास ठेवावा हेच ठरवता येत नव्हतं. शांतानं तेवढं विचारलं, "आज पाजू का मी त्याले?"

मी नाही म्हणाले. मला तीन दिवस थांबा म्हणावं लागलं. आयुष्यात कुणाला इतकं कठीण उत्तर मी दिलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं नवरा तिन्ही डब्या घेऊन आला. आणि त्याच दिवशी आभाळ भरून आलं. मार्गशीर्षात, कापूस उघड्यावर असताना, असं आभाळ आलं की सगळं वऱ्हाड ताडपत्र्या शोधू लागतं. जिनात धावपळ सुरू झाली. आमच्या खिडकीसमोरच्या गंजीवर काळी ताडपत्री चढली. दौलतरावांनी कपाटात तळाशी जपून ठेवलेलं कोऱ्या पट्ट्यांचं पाकीट फोडलं, मी तीन पट्ट्या रंगवल्या, डोळा लावला, तर आत संध्याकाळ. निळं कुठं संपतं नि लाल कुठं सुरू होतं ते कळेना. विजेचा दिवा जवळ आणून पाहिला. त्याच्या पिवळ्या उजेडात लाल रंग मरून जाई. दुसऱ्या दिवशी शांताला न्यायचं होतं.

दौलतराव उठले आणि जिनात गेले. मी खिडकीतून पाहत होते. मुकादम हात वर करून आभाळ दाखवत होता. आणि त्याचंही बरोबर होतं, भिजलेल्या कापसाचा जाब त्याला द्यावा लागला असता. दौलतराव त्याला काही सांगत होते, आवाज ऐकू येत नव्हता. कापूस निवडायला बसलेल्या बायका ऐकत होत्या. त्यांच्यातली बायजा नावाची एक थोराड बाई कंबरेवर हात ठेवून उठली. तिचा आवाज मात्र मला खिडकीपर्यंत ऐकू आला.

"लेकराच्या मायसाठी उघडून राहिलो आमी," ती मुकादमाला म्हणाली. "पानी आलं त आमी हाओ झाकाले."

दहा-बारा बायका उठल्या. ताडपत्री ओढून त्यांनी अर्ध्यावर आणली आणि तिची कड हातात धरून रांगेनं उभ्या राहिल्या, थेंब पडला की लगेच ओढायला. ऊन नव्हतं, पण पांढरं ते पांढरंच. आरशात हळूच उजेड आला.

दोघांनी तपासताना दौलतरावांची एक पद्धत होती. आधी एकानं पाहायचं, चिठ्ठीवर लिहून ती घडी घालायची, मग दुसऱ्यानं. एकमेकांना काही सांगायचं नाही, चेहराही करायचा नाही. त्या दिवशी त्यांनी मला आधी बसवलं. माझ्या चुकीनंतर मला आधी बसवलं, हे ध्यानात घ्या. तीन पट्ट्या, प्रत्येकी शंभर जागा. मधे एकदा मान वर केली तर बाहेर बायका तशाच उभ्या होत्या, कुणी पाय बदलत, कुणी तंबाखू मळत, पण कड कुणी सोडली नव्हती. मी चिठ्ठी लिहिली. दौलतराव बसले. त्यांना माझ्याहून जास्त वेळ लागला. दुपार कलली, बायकांच्या जेवणाची सुटी होऊन गेली, त्या गेल्या नाहीत.

दोन्ही चिठ्ठ्या दौलतरावांनी एकदम उघडल्या. दोन्हींवर एकच शब्द होता, नाही.

पाऊस त्या दिवशी पडला नाही. संध्याकाळी आभाळ आपोआप निवळलं. मी नंतर बायजाला धन्यवाद द्यायला गेले, तर ती म्हणाली, पाय दुखून राहिले, बस एवढंच झालं, आणि निवडायला बसली. पल्लवीला मी हे सगळं सांगितलं. तिच्या यंत्राला काय काय लागतं हे ती मला सांगत होती. आमच्या यंत्राला बारा बायका लागल्या होत्या.

डॉक्टरसाहेबांनी नवा अहवाल सही करून दिला. खाट दुसऱ्या कुणाला गेली. शांताच्या खोकल्याला साधं औषध दिलं, महिन्याभरात तो गेलाही. मी त्याच संध्याकाळच्या गाडीत तिच्या नवऱ्यासोबत बसले. दौलतरावांनी या वेळी मला जा म्हटलं नव्हतं. खुंटीवरून माझी पिशवी काढून हातात दिली फक्त.

हिवरखेडला पोचलो तेव्हा गोदाबाई ओसरीवर नातवाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. शांता गोठ्याच्या दारात, त्याच पोत्यावर. मी कागद पुढं केला, नवऱ्यानं वाचून दाखवला. गोदाबाईंनी त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

"मागंबी कागदच होता," त्या म्हणाल्या.

त्यांचं काय चुकलं? मग त्या उठल्या, मूल खांद्यावर टाकून गोठ्याकडं गेल्या, कोनाड्यातला तो जर्मनचा पेला उचलला, पाण्यानं भरला आणि माझ्यासमोर धरला. वरून धार नाही, पेलाच.

"काही नाही मन्ते ना तू तिले? त मंग तिच्या पेल्यातलं पानी पिऊन दाखव."

मी पेला घेतला. त्याच्या काठाला एक पोचा होता. त्या क्षणी मला भीती वाटली नाही, अपमानही वाटला नाही. मला चिठ्ठीवरचा तो शब्द दिसत होता, दोन वेळा लिहिलेला. मी तोंड लावून प्याले, अर्धा पेला. उरलेल्याचं काय करावं ते मला कळेना. ओतून टाकावं म्हणून मी अंगणाकडं वळले, तर शांता उठून पुढं आली. तिनं माझ्या हातातून पेला घेतला, मी जिथं तोंड लावलं होतं तिथंच तोंड लावलं आणि सासूसमोर, नवऱ्यासमोर, उरलेलं पाणी पिऊन टाकलं.

मग तिनं रिकामा पेला सासूच्या हातात दिला आणि दोन्ही हात पुढं केले.

"आता माहं लेकरू द्या मले," ती म्हणाली.